शंभरचं टाका

आमच्या खेडच्या पेट्रोल पंपावर दुचाकीवाले लिटरात पेट्रोल मागत नाहीत. 'पन्नासचं टाका', 'शंभरचं टाका' अशी आमची भाषा. २०१६ साली मी हप्त्यावर स्कूटी घेतली तेव्हापासून मीही शंभरचंच मागत आले. यात एक सोय असते. भाव वर गेला तरी तोंडातला आकडा तोच राहतो आणि पर्समधून निघणारी नोटही तीच. फरक पडतो तो टाकीतल्या काट्याला, आणि काट्याकडे आपण रोज कुठे पाहतो?

मी खेडहून खाडीपट्ट्यातल्या एका उर्दू हायस्कूलमध्ये शिकवायला जाते. एका बाजूने अठरा किलोमीटर, जाऊन येऊन छत्तीस. आमच्या चढउताराच्या रस्त्यावर स्कूटी लिटरला चाळीसच्या वर देत नाही. २०१६ च्या सुरुवातीला पेट्रोल पासष्टच्या आसपास होते. शंभरात दीड लिटर यायचे, म्हणजे साठ किलोमीटर. शाळेत जाऊन यायचे, बाजार करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही शाळेपर्यंत पोहोचायचे. २०२१ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात, भाव ११४ च्या आसपास गेला होता. एका सकाळी रिकाम्या टाकीत शंभरचे टाकून मी शाळेत गेले आणि संध्याकाळी परतताना गावाच्या अलीकडे जेमतेम एक किलोमीटरवर स्कूटी बंद पडली. आधी वाटले प्लग गेला असेल. टाकीचे झाकण उघडून गाडी हलवून पाहिली, आतून आवाजच नाही. बुरखा सावरत, गाडी ढकलत घरी आले. मगरिबची अजान झाली होती. अम्मी दारात उभी होती. अब्बांनी फक्त एवढेच विचारले, "सकाळी टाकलं होतंस ना?"

टाकले होते. चूक माझी नव्हती, गणिताची होती. एवढी वर्षे गणित शिकवून हे माझ्या लक्षात आले नाही की शंभराची नोट आता मला शाळेत पोहोचवते, पण घरी आणत नाही.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात निस्बत आणि तनासुबचा धडा होता. पुस्तकातले आंब्यांच्या पेट्यांचे उदाहरण सोडून मी फळ्यावर हेच लिहिले. पेट्रोल ११४ रुपये लिटर, गाडी लिटरला चाळीस किलोमीटर जाते, तर शंभर रुपयांत किती जाईल? मुलींनी उत्तर काढले, पस्तीस किलोमीटर आणि थोडे. मागच्या बाकावरची एक मुलगी वहीवरून मान न उचलता म्हणाली, "टीचर, मग तुम्ही घरी कशा जाणार?" तिने हे अर्थातच उर्दूत विचारले. वर्ग हसला. मीही हसले. ही मुलगी पाच किलोमीटरवरच्या एका वाडीतून एस.टी.ने यायची. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास तिच्या दप्तराला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लटकवलेला असे. ती पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तिला इथे सांगून ठेवले.

तेलाचा भाव हा विषय तसा आमच्या घरात नवा नाही. पूर्वी तो दुसऱ्याच अर्थाने यायचा. आम्ही कोकणी मुसलमान. आजोबांची पिढी जहाजांवर गेली आणि नंतरची आखातात. १९७३ साली तेलाच्या किमती एकदम चौपट झाल्या, त्या देशांत पैसा आला, इमारती उठू लागल्या आणि आमच्या खाडीकाठची तरणी माणसे तिकडे निघाली. तेल महागले की आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या तरी घरावर स्लॅब पडायचा. अब्बा १९७६ साली कुवेतला गेले. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा जी लाखाच्या वर हिंदी माणसे विमानांनी परत आणली गेली, त्यांत अब्बाही होते. हातात एक बॅग. मी तेव्हा रांगत होते. त्यांनी नंतर बाजारात छोटे दुकान टाकले, हिशेबाची लाल वही घातली, आणि दुकान बंद झाल्यावरही वही चालूच ठेवली. घराची वही. तिच्याकडे मी नंतर येणार आहे.

भाऊ २००६ साली सौदीला गेला, दम्मामला, एका ठेकेदार कंपनीच्या गोदामात. २००८ च्या जुलैमध्ये कच्च्या तेलाचा पिंप १४७ डॉलरवर गेला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वर्तमानपत्रातल्या त्या मथळ्याचा आमच्या घराशी काही संबंध असेल असे मला वाटलेही नव्हते. २०११ पासून २०१४ च्या मध्यापर्यंत पिंप शंभराच्या वर राहिला. त्याच तीन वर्षांत आमचा वरचा मजला झाला, माझी बी.एड.ची फी भरली गेली, दारात जुनी का होईना वॅगनार आली. भाऊ फोनवर सांगायचा की तिकडे पेट्रोल ४५ हलाला लिटर आहे, म्हणजे आपले सात-आठ रुपये. पाण्याची बाटली त्याहून महाग. अम्मीला ही गोष्ट फार आवडायची. आल्यागेल्याला सांगायची.

२०१४ च्या जूनपासून तेल उतरू लागले ते २०१६ च्या जानेवारीत पिंपाला तीस डॉलरच्याही खाली आले. मी मनात म्हटले, चला, आता आपल्याकडे स्वस्ताई होईल. पंपावर थोडे उतरलेही. पण जितके तेल उतरले तितके नाही, कारण २०१४ चा नोव्हेंबर ते २०१६ चा जानेवारी एवढ्या काळात केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. पेट्रोलवर लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे होता तो २१ रुपये ४८ पैसे झाला. सरकारला पैसा लागतो, रस्ते व्हायला हवेत, हे मला समजते. पण त्याच महिन्यांत तिकडे भावाचा पगार थांबला होता. तेलाचे उत्पन्न घटले म्हणून सौदी सरकारने ठेकेदारांची बिले अडकवली, ठेकेदारांनी मजुरांचे पगार. २०१६ च्या उन्हाळ्यात हजारो हिंदी कामगार तिथल्या कॅम्पांत अन्नाला मोताद झाले, आपल्या सरकारचे एक राज्यमंत्री जेद्द्याला जाऊन आले, हे वाचकांना आठवत असेल. भावाचे तितके वाईट झाले नाही. पाच महिने पगार नव्हता, जेवण होते. तो फोनवर सांगायचा, "येतोय, येतोय." आधी मला वाटायचे तो पगाराबद्दल बोलतो आहे. नंतर कळले, स्वतःबद्दल.

२०१७ च्या जुलैपासून तिकडे कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना शंभर रियालचा कर लागला आणि दर वर्षी तो शंभराने वाढणार असे जाहीर झाले. भाभी आणि दोन मुले त्याच महिन्यात परत आली. २०१८ च्या जानेवारीत तिथले पेट्रोलही जवळजवळ दुप्पट झाले, व्हॅट आला. त्या वर्षाच्या अखेरीस भाऊ खुरूज घेऊन घरी आला. तेल महाग होते तेव्हा तो कमवत होता, स्वस्त झाले तशी त्याची नोकरी गेली, आणि इथे पंपावर तेल कधी तितके स्वस्त झालेच नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हते, तेव्हाही मे महिन्यात पेट्रोलवर लिटरला दहा रुपये आणि डिझेलवर तेरा रुपये कर चढला. आमची स्कूटी त्या वेळी अंगणात ताडपत्रीखाली होती.

आता वहीकडे येते.

२०१९ साली वॅगनार विकली आणि त्यात भर घालून भावाने जुनी मॅजिक घेतली. खेड-दापोली मार्गावर वडाप. अब्बांच्या वहीत डाव्या पानावर 'धंदा' आणि उजव्या पानावर 'खर्च'. मॅजिकचे डिझेल डाव्या पानावर. माझ्या स्कूटीचे पेट्रोल उजव्या पानावर, अम्मीच्या गुडघ्याच्या गोळ्या आणि मोबाईलचा रिचार्ज यांच्या मधे. त्यावर अब्बांच्या सुंदर उर्दू अक्षरात लिहिलेले असायचे, 'बेटी की गाडी'.

मी एकदा विचारले, "अब्बा, मी पण नोकरीलाच जाते. माझं पेट्रोल खर्चात कसं?"

अब्बा चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि हिशेब मांडला. आमच्या तुकड्यांना त्या वेळी वीस टक्केच अनुदान होते. पूर्ण पगार कागदावर, हातात साडेदहा हजार. महिन्याला चोवीस दिवस, साडेआठशे किलोमीटरच्या वर, एकवीस-बावीस लिटर. २०२१ च्या त्या ऑक्टोबरात हे चोवीसशे रुपये होत होते. "पगाराचा चौथा हिस्सा तू रस्त्यावर जाळतेस," अब्बा म्हणाले. "शंभर टक्के होईपर्यंत घरी बस. नाहीतर तिकडेच कुणाकडे राहा." यातल्या दुसऱ्या सूचनेवर अम्मीने चहाचा कप जरा जोरात ठेवला. पहिलीवर कुणीच काही बोलले नाही, भाभीसुद्धा नाही. मला त्याचे जास्त वाईट वाटले. कारण बी.एड. भाभीचेही आहे. तिने ते दम्मामला पेटीत नेले आणि पेटीतच परत आणले.

अब्बांचा हिशेब चूक नव्हता. पण अनुदानित जागा सोडली तर ती परत मिळत नाही, हे त्या वहीत कुठे लिहिणार? आणि भाऊ रोज संध्याकाळी जी मोटारसायकल काढून चौकात चहाला जायचा, तिचे पेट्रोल कोणत्याच पानावर नव्हते. मी दोन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या. नव्हते. मला वाटते ते भावाने लपवले नव्हते. ते कुणाला खर्च म्हणून दिसलेच नव्हते.

मग मीही काटकसरीला लागले. टायरमध्ये दर आठवड्याला हवा, गाडी चाळीसच्या पुढे न्यायची नाही, बाजाराला पायी. उतारावर चावी बंद करून गाडी सोडायची सवयही लागली. आमच्याकडे ही जुनी खोड आहे, ट्रकवालेसुद्धा करतात. एका संध्याकाळी अशीच सोडली असताना वळणावर म्हैस आली. किल्ली बंद म्हणजे दिवा नाही आणि हॉर्नही नाही. रस्त्याकडेच्या चरात गेले, कोपर खरचटले. हे भावाला कळले तेव्हा तो माझ्यावर ओरडला. त्याच्या मॅजिकचे इंजिन एकदा घाटात बंद असताना ब्रेक दगडासारखे घट्ट झाले होते. इंजिन चालू नसले की ब्रेकला त्याची मदत मिळत नाही, हे त्याला त्या दिवशी समजले होते. गाडीत दहा माणसे होती. ही गोष्ट त्याने घरी तोवर कुणाला सांगितलेली नव्हती.

खरी बचत झाली ती वेगळ्याच मार्गाने. आमच्या शाळेजवळच जिल्हा परिषदेची मराठी शाळा आहे. तिथल्या एक बाई खेडहूनच यायच्या, त्याही स्कूटीवर. कित्येक महिने आम्ही एकमेकींच्या मागेपुढे गाडी चालवत होतो, फाट्यावर हात करत होतो. पेट्रोल शंभराच्या वर गेल्यावर त्यांनीच विचारले, "एक दिवस तुमची, एक दिवस माझी, चालेल?" पेट्रोल निम्मे झाले आणि बोलायला सोबत मिळाली. त्या गाणी म्हणत गाडी चालवायच्या. मला हे सांगायला हरकत नाही की माझा उपास असला तर त्या स्वतः बाटलीतले पाणी माझ्यासमोर प्यायच्या नाहीत, आणि त्यांची चतुर्थी मला पाठ झाली.

मग एस.टी.चा संप आला. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. एस.टी. कर्मचाऱ्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. आमच्या मोहल्ल्यातही एक चालक आहेत आणि त्यांच्या घरची चूल त्या दिवसांत कशी पेटायची हे मला माहीत आहे. त्यांच्या मागणीबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी जे पाहिले ते लिहिते. ४ नोव्हेंबरला केंद्राने पेट्रोलवरचा कर पाच रुपयांनी आणि डिझेलवरचा दहा रुपयांनी उतरवला होता. पेट्रोल ११० च्या आसपास आले, माझी शंभराची नोट मला पुन्हा कशीबशी घरी आणू लागली. पण खाडीपट्ट्यात एकही लाल गाडी दिसेना आणि मुलींच्या मोफत पासाचा नुसता कागद झाला.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा आठवीत पाचसहा मुली कमी. मुलगे येत होते. कुणाच्या तरी मोटारसायकलवर तिघे तिघे बसून, दुधाच्या टेम्पोत उभे राहून, कसेही. मुलींना असे पाठवणार कोण? मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या घरी मी गेले. वडील करोनात कतारहून परत आलेले, अंगणात मोटारसायकल उभी. ते अदबीने बोलले. म्हणाले, "टीचर, नेणं-आणणं म्हणजे चार फेऱ्या. रोज वीस किलोमीटर. काम नाही हातात. मुलाला दहावी आहे, त्याला सोडतो." मुलगा तालुक्याच्या शाळेत होता, तो विरुद्ध दिशेला. मला अब्बांची वही आठवली. इथे वही नव्हती, हिशेब तोच होता.

दुसऱ्या दिवशी मराठी शाळेच्या बाईंना मी हे सहज सांगितले. त्या दिवशी गाडी त्यांची होती. त्या बराच वेळ गप्प बसल्या, गाणेही नाही. मग म्हणाल्या, "आपण दोघींनी एका गाडीवर यायचं म्हणून मागची सीट भरते. दोन्ही गाड्या काढू. दोन मुली येतील." त्यांच्या वाटेवर त्यांच्या शाळेची कुणी नव्हती, चौथीपर्यंतची शाळा, मुले गावातलीच. त्यांनी आमच्या मुली आणल्या. पाळी लावली, आज या दोघी, उद्या त्या दोघी. हजेरीपटावर त्या थंडीत एकाआड एक अशी शिलाई दिसते. 'उ' आणि 'गै', 'उ' आणि 'गै'. त्यात माझे पेट्रोल पुन्हा चोवीसशेवर गेले. अब्बांनी वहीत लिहिले आणि काही विचारले नाही. सगळ्या मुलींना आम्ही आणू शकलो नाही. दोघी जणी त्या वर्षी सुटल्या त्या सुटल्याच.

आणि याच दिवसांत भावाचा धंदा जोरात होता. ही गोष्ट लिहू की नको असा विचार मी पुष्कळ केला. एस.टी. बंद म्हटल्यावर खेड-दापोलीला वडापशिवाय काही नव्हते. पन्नासाचे शंभर झाले, आणि शंभर देऊनही माणसे टपावर चढायला तयार. भाऊ म्हणायचा, "डिझेल बघ ना." डिझेलचे दहा रुपये उतरले होते तरी म्हणायचा. सौदीहून आल्यानंतर तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. त्याने कर्जाचे चार हप्ते एकदम भरले. मुलांची फी भरली. डावे पान भरू लागले. मी ज्या फाट्यावर मुलींना उचलायची, तसल्याच कुठल्या तरी फाट्यावर तो कुणाच्या तरी मुलीला म्हणत असणार, जागा नाही.

अम्मीची एकुलती एक बहीण, आमची खाला, हर्णैला. खेडहून पंचेचाळीस किलोमीटर. वॅगनार होती तेव्हा महिन्यातून एकदा जुम्म्याच्या नमाजनंतर अम्मी जायची. जाताना घावणे, येताना सुकी मासळी. गाडी विकल्यावर एस.टी.ने जायची, दापोलीला बदलून. संपात तेही थांबले. भावाची मॅजिक रोज दापोलीपर्यंत जात होती, अम्मीला दापोलीपर्यंत सोडणे अवघड नव्हते. पण जुम्म्याला गर्दी असते; एक सीट म्हणजे शंभर रुपये; पुढे दापोली ते हर्णै दुसरे वडाप. भावाने नाही म्हटले नव्हते. "सोमवारी जाऊ या, अम्मी." सोमवारी काही तरी निघे. अम्मीच म्हणायची, "असू दे, धंद्याचा टाइम आहे." तिचे गुडघे बघता मॅजिकमध्ये चौदा माणसांत कोंबून बसणे तिला झेपणारे नव्हते, हेही खरे.

मी नेऊ शकत होते. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, सव्वादोन लिटर, अडीचशे रुपये. रविवारी मला सुट्टी असते. जानेवारीत खालाचा फोन आला, साखर वाढली आहे, पाय सुजतो, "येऊन जा ना गं." मी स्पीकरवर ऐकत होते. मनातल्या मनात मी अडीचशे रुपयांचे भागाकार केले, आणि तोंडाने म्हणाले, "खाला, पुढच्या रविवारी नक्की आणते अम्मीला." पुढच्या रविवारी स्कूटीचा बेल्ट गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मला दहावीच्या तोंडी परीक्षेची कागदपत्रे होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फजरच्या वेळी फोन आला. त्या दिवशी मॅजिक रिकामी निघाली, नुसते घरचे. मागून मामूंची गाडी, शेजाऱ्यांची गाडी. अम्मी पुढच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. दापोलीच्या नाक्यावर माणसे हात करत होती आणि भाऊ थांबत नव्हता. हर्णैला पोहोचेपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही. खालाच्या घरी ओसरीवर अम्मीसाठी बाजूला काढून ठेवलेली सुकटीची पुरचुंडी होती, डिसेंबरपासूनची.

नंतर मी मुद्दाम वही उघडून पाहिली. त्या तारखेला डिझेल ना डाव्या पानावर होते ना उजव्या. अब्बांनी ती ओळ कोरी सोडली होती.

पुढे २०२२ च्या मे महिन्यात केंद्राने आणखी आठ रुपये आणि जुलैत राज्याने पाच रुपये कमी केले. भाव खाली आला तसा घरातला पेट्रोलचा विषयही खाली बसला. आमच्या तुकड्यांचे अनुदान एक टप्पा वर गेले. एस.टी. एप्रिलअखेर सुरू झाली आणि मागच्या बाकावरची मुलगी जूनमध्ये नववीला हजर झाली, दप्तराला तोच पास लटकवून. मराठी शाळेच्या बाईंची बदली झाली. मी पुन्हा एकटीच जाऊ लागले आणि उताराला गाडीत कुणी गाणी म्हणत नाही याची सवय व्हायला वेळ लागला.

२०२३ च्या १७ मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. मोहल्ल्यात दोन दिवस तोच विषय. रमजान तोंडावर आला होता. रविवारी मी अम्मीला म्हटले, चल, हर्णैला. खालाच्या सुनेला दिवस गेले होते, भेटायलाच हवे होते. स्टँडवर इतक्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. म्हाताऱ्या, नवऱ्याला घरी ठेवून आलेल्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या, बुरख्यातल्या, नऊवारीतल्या. कंडक्टरची तारांबळ उडाली होती. अम्मीने पर्समधून नोट काढून पुढे केली आणि परत आलेले पैसे दोनदा मोजले. मग खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "एवढ्यातच जाता येत होतं होय."

मला माहीत आहे, तेव्हा एवढ्यात जाता येत नव्हते. पण मी काही बोलले नाही.

बस स्टँडबाहेर पडताना वळणावर भावाची मॅजिक उभी होती. पाठीमागचे दार उघडे, आत एक म्हातारा आणि दोन पोरे. भाऊ दाराला टेकून ओरडत होता, "दापोली, दापोली, चला, निघाली." आमची बस शेजारून गेली तेव्हा त्याने वर पाहिले. अम्मीने खिडकीतून हात बाहेर काढला. त्यानेही हात केला, मग एस.टी.च्या खिडक्यांकडे शेवटपर्यंत पाहत राहिला. सगळ्या खिडक्यांत बायकाच होत्या.

त्या रात्री तो उशिरा घरी आला. डाव्या पानावर लिहायला अब्बांनी आकडा विचारला. त्याने सांगितला. अब्बांनी पुन्हा विचारले. त्याने तोच सांगितला.

"आणि तुमचं?" अब्बा माझ्याकडे वळले. मी दोन्ही तिकिटे पुढे ठेवली. अब्बांनी चष्मा लावून ती बराच वेळ वाचली, उजव्या पानावर आल्यावर थोडे थांबले, आणि औषधांच्या ओळीखाली अम्मीचे नाव लिहिले. त्या वहीत अम्मीचे नाव मी पहिल्यांदा पाहिले.